दोन शिंगांची गिटार: निवडीच्या नोंदी

४ जून

गेली दोन वर्षं मित्राची गिटार वाजवतोय, ती जुलैअखेर परत द्यायचीय. त्याचाच बँड उभा राहतोय, त्यामुळे मुदत वाढवून मागायला तोंड नाही. म्हणजे आठ आठवड्यांत स्वतःची घ्यायची. पैसे एकाच गिटारपुरते आहेत. चुकलो तर ती चूक पुढची काही वर्षं गळ्यात अडकवून वाजवावी लागेल.

आधीच कबूल करून टाकतो, उगाच तटस्थपणाचा आव नको. मला फ्लाइंग व्ही हवी आहे, इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराची, दोन पंखांची इलेक्ट्रिक गिटार. चौदाव्या वर्षी पोस्टरवर पाहिली तेव्हापासून. ती वाजते कशी हे तेव्हा माहीत नव्हतं, आजही नाही. आमच्या बँडच्या ड्रमरला सांगितलं तर म्हणाला, "मग घे की." बेसवाला म्हणाला, "डोळे मिटून चार ऐक, आवडेल ती घे, मग डोळे उघड." दोघांचंही पटतं, म्हणून ही वही.

७ जून

आधी हिशेब, मग मोह.

आम्ही मेटल वाजवतो, तेही ड्रॉप सी मध्ये, म्हणजे तारा नेहमीपेक्षा उतरवून, सहावी तर ई सुरावरून थेट सी ला. नेहमीच्या ट्यूनिंगमध्ये जाड सहावी तार ८२.४ हर्ट्‌झला असते, आमची ६५.४ ला. ताण वारंवारतेच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो, त्यामुळे तीच तार ई वरून सी ला उतरवली की ताण ३७ टक्क्यांनी पडतो. २५.५ इंची स्केलवर (स्केल म्हणजे तारेची वाजणारी लांबी) ०.०४६ इंच जाडीची तार ई ला साधारण ८ किलोचा ताण धरते. सी ला उरतात पाच. २४.७५ इंची स्केलवर त्यातूनही सहा टक्के कमी.

पाच किलोवर ती तार राहत नाही, कपडे वाळत घालायची दोरी होते. जोरात फटका मारला की सूर क्षणभर वर चढतो आणि मग जागेवर येतो. एकटी नोट असेल तर चालून जातं. पण पाम म्यूट करून, म्हणजे तळव्याची कड ब्रिजवर टेकवून तार दबकी ठेवत, एकामागून एक ठोकत गेलं की प्रत्येक ठोक्याची सुरुवातच बेसूर. दोन वर्षं मी याला "आपला खास घाणेरडा टोन" म्हणत होतो.

उपाय महाग नाही. सहावी तार ०.०५६ ची घातली की ताण परत सातच्या आसपास येतो. म्हणजे स्केलच्या पाऊण इंचाने सहा टक्के मिळतात आणि तारेच्या जाडीने जवळजवळ पन्नास. लोक पाऊण इंचावरून हमरीतुमरीवर येतात आणि तारांचं पाकीट मात्र समोर येईल ते उचलतात.

११ जून

चार गिटारी जमल्या.

पहिली हातातलीच, मित्राची, गिब्सनच्या एसजी घाटाची. दुसरी ड्रमरच्या ओळखीतल्या एकाची पांढरी व्ही. महिनाभर ठेव म्हणाला, शक्य तर विकत घे असंही म्हणाला. या दोघींची स्केल २४.७५, दोघींवर हंबकर, म्हणजे दोन वेटोळ्यांचे पिकअप (तारेचं कंपन विजेत बदलणारा भाग). तिसरी सुपरस्ट्रॅट (स्ट्रॅटोकास्टर, म्हणजे स्ट्रॅटवरून बेतलेली): टोकदार हेडस्टॉक, ब्रिजपाशी ईएमजी ८१ हा बॅटरीवरचा अ‍ॅक्टिव्ह पिकअप, आणि फ्लॉइड रोझ हा तरंगता ब्रिज. चौथी बेसवाल्याच्या थोरल्या भावाची टेलिकास्टर, ब्रिजच्या जागी हंबकर बसवलेली. या दोन्ही २५.५ च्या.

टेलिकास्टर पाहून मी हसलो, हे लिहून ठेवतो. इतकी सोज्वळ दिसते की तिच्यासमोर शिवी देववणार नाही. पण मेटलवाल्यांतच बघा, स्लिपनॉटच्या जिम रूटने टेलिकास्टर वाजवली, आणि आयर्न मेडनच्या डेव्ह मरेने हंबकर घातलेली स्ट्रॅट. दोघांनाही कोणी वाद्य बदला म्हणून सांगायला गेलं नाही.

फ्लॉइड रोझवाली आवाजाच्या चाचणीपुरती ठेवतो, खरेदीच्या यादीतून आजच बाद. सूर धरून ठेवण्यात या ब्रिजचा हात धरणारा दुसरा नाही. नटपाशी (नेकच्या टोकाला) आणि ब्रिजपाशी (देहावर) दोन्हीकडे तार जखडलेली. पण तो स्प्रिंगांच्या तोलावर तरंगतो. एक तार सैल केली की बाकीच्या पाच चढतात, त्या उतरवल्या की पहिली परत हलते. आमची दोन गाणी वेगळ्या ट्यूनिंगमध्ये आहेत. त्या दोन गाण्यांच्या मध्ये प्रेक्षक घरी जाऊन जेवून येतील.

१४ जून

पहिली चाचणी. एकच आठ बारांची (मात्रांच्या आठ गटांची) रिफ, मिनिटाला १८० ठोके, प्रत्येक ठोक्याला दोन फटके आणि दोन्ही खाली. सेकंदाला सहा. गिटारचा कोरा सिग्नल आधी रेकॉर्ड करायचा, अँप नंतर कॉम्प्युटरवर चढवायचा, म्हणजे अँप, गेन (आवाज किती फाडायचा ते), स्पीकर चौघींना अगदी तेच.

निकाल डोळ्यांत भरण्यासारखा. टेलिकास्टर धारदार. एसजी गढूळ. व्ही मधलीच कुठेतरी, जरा गरीब. आणि सुपरस्ट्रॅट भयंकर: नोट संपता संपता फाटत होती, जणू स्पीकर फुटलाय. तिच्यापुढे लिहिलं, "अ‍ॅक्टिव्ह पिकअप म्हणजे नुसती जाहिरात."

१५ जून

कालचं सगळं खोडलं.

सुपरस्ट्रॅटची ९ व्होल्टची बॅटरी मरायला टेकली होती. अ‍ॅक्टिव्ह पिकअपच्या आतल्या प्रीअँपला ती लागते, आणि केबल जॅकमध्ये राहिली की गिटार भिंतीला टेकलेली असली तरी बॅटरी जळत राहते. केबल कोणी ठेवली होती? मीच. नवी घातली, फाटणं गेलं.

टेलिकास्टरवर तीन दिवसांच्या तारा, एसजीवर तीन महिन्यांच्या, आणि जाडीही वेगवेगळी. व्हीचा पिकअप कोणीतरी स्क्रू पिळून पार खाली नेऊन ठेवलेला, म्हणून ती गरीब. थोडक्यात, काल मी चार गिटारींची नाही, चार मालकांच्या आळशीपणाची तुलना केली.

आता चारही गिटारींना एकाच पाकिटातल्या तारा. पिकअपची उंची: शेवटची फ्रेट दाबून तार आणि पिकअप यांत २ मिलिमीटर. कोऱ्या सिग्नलची पातळीही सारखी करायची, कारण गरम, म्हणजे जोरदार सिग्नल देणारा पिकअप अँपला जास्त ढकलतो आणि जे मोठं वाजतं ते कानाला नेहमीच चांगलं वाटतं. तेवढं ढकलायला गेनची कळ आहेच.

१७ जून

तारांची पाकिटं अजून आली नाहीत. वाचत बसलो.

ब्लॅक सॅबथचा गिटारवाला टोनी आयोमी, त्याची गोष्ट सगळ्यांना पाठ असते. १९६५ मध्ये पत्र्याच्या कारखान्यात उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं गेली, आणि हा डावखुरा, म्हणजे फ्रेटवर चालणारी तीच बोटं. टोपणं घातली, बारीक तारा लावल्या, १९७१ च्या अल्बमवर काही गाण्यांत ट्यूनिंग तीन अर्धस्वर खाली नेलं. पण मला धक्का बसला तो दुसऱ्याच तपशिलाचा. ब्लॅक सॅबथचा पहिला अल्बम रेकॉर्ड करताना त्याच्या हातात होती स्ट्रॅट. तिचा पिकअप बंद पडला, म्हणून राखीव ठेवलेली एसजी उचलली. त्या एसजीवर हंबकर नव्हतेच, पी-९० होते, सिंगल कॉइल, म्हणजे एकाच वेटोळ्याचे. आणि अँपच्या आधी ट्रेबल बूस्टर, वरचे सूर उचलणारी पेटी.

म्हणजे १९७० साली ज्या आवाजाने हे सगळं सुरू झालं, तो दुसऱ्या पसंतीच्या गिटारवर, आज मेटलला "चालत नाही" म्हणतात त्या पिकअपमधून आला. ट्रेबल बूस्टरची गोष्ट आजच्या जुगाडाच्या जवळची आहे. आपण ट्यूब स्क्रीमर या पेडलचा ड्राइव्ह शून्यावर आणि लेव्हल पूर्ण ठेवून तो अँपच्या पुढे लावतो, तेही खालचा चिखल डिस्टॉर्शनमध्ये शिरण्याआधीच गाळण्यासाठी.

हंबकरचा मोठेपणा निराळा आहे. दोन वेटोळी उलटसुलट जोडून विजेची गुणगुण एकमेकीत विरवायची, ही सेथ लव्हरची १९५५ ची कल्पना. आमच्यासारख्या गेनवाल्यांना ती गुणगुण परवडत नाही, कारण गाणं थांबलं की तीच ऐकू येते. पी-९० च्या मोहाला इथेच पूर्णविराम.

आणि माझी व्ही? गिब्सनने १९५८ मध्ये एक्सप्लोरर या आणखी एका टोकदार गिटारबरोबर आणली तेव्हा दुकानदारांना ती कुठे टांगावी कळेना. पहिल्या दोन वर्षांत शंभरही गेल्या नाहीत. तिला आधी नाव मिळालं ते ब्लूजमध्ये, आल्बर्ट किंगच्या हातात, तीही उलटी धरून, कारण तोही डावखुरा. मेटलचा तिच्यात जन्मतः काही अंश नाही. तो आपण नंतर भरला.

२१ जून

दुसरी चाचणी, या वेळी नीट. चार गिटारी, प्रत्येकीचे तीन वेगवेगळे टेक, एकूण १२ तुकडे. धाकट्या बहिणीने फायलींची नावं बदलली आणि कुठली फाइल कुठल्या गिटारची ही यादी स्वतःकडे ठेवली.

तिला आधी ऐकवलं. चार तुकड्यांनंतर म्हणाली, "दादा, मला सगळीकडून आईचा मिक्सरच ऐकू येतोय." मनावर घेतलं नाही.

मग मी बसलो. एसजी, सुपरस्ट्रॅट आणि टेलिकास्टर यांच्या नऊ तुकड्यांपैकी तीन ओळखले. नुसता अंदाज ठोकला असता तरी तेवढेच आले असते. गेल्या आठवड्यात ज्या टेलिकास्टरला धारदार म्हणालो तिला दोनदा एसजी समजलो. गेन इतका चढवला की लाटेची टोकं सपाट कापली जातात. मग ती कोणत्या लाकडातून निघाली होती हे सांगायला तिच्याजवळ फारसं उरत नाही.

पण व्ही! तिन्ही तुकडे बिनचूक. तीनपैकी तीन. म्हणजे व्हीला स्वतःचा आवाज आहे. हे वाक्य मी बहिणीला तीनदा ऐकवलं.

२३ जून

ड्रमर आला. त्याला तेच बारा तुकडे लावले. त्यानेही व्हीचे तिन्ही काढले, तेही एका दमात. मी टाळीसाठी हात पुढे केला, तर म्हणतो, "अरे हा आवाज नाही, ही तुझी चूक आहे. तिसऱ्या बारला दर वेळी फटका मागे राहतो, आणि सहाव्या बारला म्यूट सुटतो. तिन्ही टेकमध्ये त्याच जागी."

परत ऐकलं. आहे.

तीनदा तीच चूक, आणि फक्त एकाच गिटारवर. नाचता येईना अंगण वाकडं म्हणायचं तर बाकीच्या तीन अंगणांत मी बरा नाचलो होतो.

२४ जून

ताजं असतानाच एक बाजूचा प्रयोग. गिटार तीच, टेक तोच, फक्त स्पीकरसमोरचा माइक बारा इंची कोनाच्या मध्यावरून कडेकडे पाच सेंटीमीटर सरकवला. आवाज इतका बदलला की बहीण स्वयंपाकघरातून म्हणाली, "ही बरीय, ही घे."

ज्या मापाने माइक सरकवला ते माझ्या अंगठ्याएवढं आहे. चारही गिटारींमधल्या सगळ्या फरकांची बेरीज त्याच्या निम्मीही नव्हती. पिकअप बदलला तर फरक पडतो, नाही असं नाही. पण तो पिकअप कुठल्या आकाराच्या लाकडात बसवलाय यावर कानाने निवड करायची असेल, तर माझ्या कानाने राजीनामा दिला आहे.

२८ जून

व्हीवर नेमकं काय होतं ते पाहायला फोन समोर ठेवून स्वतःला शूट केलं.

मी बसून वाजवतो. बाकीच्या गिटारींना मांडीवर बसायला खालची कंबर असते. व्हीला नाही. तिचा खालचा पंख मांडीवर ठेवला की ती उतारावरच्या फणसासारखी घरंगळते. दोन बार झाले की उजवं कोपर नकळत तिला दाबून धरतं. कोपर दाबलं की मनगट उचललं जातं, मनगट उचललं की तळव्याची कड ब्रिजवरून सुटते. सहावा बार. आणि तिसऱ्या बारला मी डाव्या हाताने नेक सावरतो, म्हणून फटका मागे.

सगळा "व्हीचा आवाज" हा एवढाच. रूप आणि आवाज असे दोन पक्ष मांडून बसलो होतो, आणि मधला साक्षीदार कोणी बोलावलाच नव्हता. आकार ध्वनीत उतरतो, पण लाकडातून नाही. मांडी, कोपर आणि मनगट यांच्यातून. एसजी घेऊन उभं राहिलं तरी हेडस्टॉकचा भार खाली ओढतो, आणि दोन वर्षं माझा डावा हात वाजवण्याबरोबर हमालीही करत होता, हे आज त्या व्हिडिओत पहिल्यांदा दिसलं.

३० जून

टेलिकास्टर घ्यावी. हाच शहाणपणा. मूड नाही.

६ जुलै

ड्रमरने आज आपली बाजू मांडली, तोंडाने नाही. सरावाच्या खोलीत अगदी मागच्या भिंतीपाशी फोन लावला, दिवे मंद केले, आणि मला चारही गिटारी उभ्याने वाजवायला लावल्या. मग आवाज बंद करून दाखवलं.

टेलिकास्टर घेतलेला माणूस कोणीही असू शकतो. एसजी अंगावरच्या काळ्या शर्टात विरघळली. व्ही घेतलेल्या माणसाचा चेहराही दिसत नव्हता, पण तो काय वाजवत असणार हे मुक्या चित्रातही कळत होतं. आणखी एक दिसलं, ते मला कबूल करायला जड गेलं. व्ही घेऊन मी वेगळा उभा राहतो. पाय जास्त रुंद, मान वर. बाकी तिघींबरोबर मी जमिनीकडे बघत वाजवतो.

"हे पण वाजवणंच आहे," ड्रमर म्हणाला. उत्तर सुचलं नाही.

बेसवाला मध्येच: "आणि दारातून आत कशी नेणार ती?" हा मुद्दा खरा आहे. व्हीची केस म्हणजे लहान मुलाचा पलंग.

१२ जुलै

आज दुपारी, काही न ठरवता, व्ही वेगळी धरली. खालचा पंख दोन पायांच्या मध्ये, उजवी मांडी थेट दोन पंखांच्या खाचेत. शास्त्रीय गिटार वाजवणारे जसे वाद्य मध्ये घेऊन बसतात तशी. नेक तिरका वर गेला, हेडस्टॉक जवळजवळ कानाच्या उंचीला.

हलेना. खाचेत अशी बसली की दोन्ही हात सोडले तरी जागची ढळली नाही.

नेक वर आल्याने डावं मनगट सरळ झालं. वरच्या फ्रेटपर्यंत जायला आडवा येणारा देहच नाही, दोन्ही पंख मागे. उजवं कोपर वरच्या पंखावर नुसतं टेकलं. मग पट्टा अडकवून उभा राहिलो, आणि पट्ट्याची लांबी अशी बेतली की ब्रिज छातीखाली त्याच जागी आला. आजवर बसून सराव करायचो एका गिटारवर आणि स्टेजवर तीच गिटार चार इंच खाली जाऊन परकी व्हायची. इथे बसणं आणि उभं राहणं एकच.

लय १८० ला ठेवली. मग १८६. १९२ ला हात भरून आला, पण सुटला नाही.

जी गिटार बसून वाजवायला जगात सगळ्यात गैरसोयीची म्हणून बदनाम आहे, तिच्यावर मी आयुष्यात पहिल्यांदा नीट बसलो. याला काय म्हणावं.

१३ जुलै

व्हीचे तीन नवे टेक, नव्या बैठकीत. जुने नऊ तसेच. बहिणीने परत नावं बदलली. (आता ती याचा मोबदला मागते.)

व्हीचा तीनपैकी एक ओळखला. ड्रमरने एकही नाही. तिचा "स्वतःचा आवाज" गेला.

इतका आनंद हरण्यात कधी झाला नव्हता.

२० जुलै

व्ही घेतली. मालकाला विकायची होतीच.

दिवस गेला नट कोरण्यात. ०.०४६ साठी कापलेल्या खाचेत ०.०५६ ची तार बसत नाही. वरच अडकते, आणि ट्यून करताना "टिंग" करून एकदम उडी मारते. नटची खाच बारीक कानशीने रुंद करायची, खोल नाही. खोल गेली की मोकळी तार पहिल्या फ्रेटवर खडखडते आणि नट नवा घ्यावा लागतो. चार वेळा कानस, चार वेळा तार लावून बघणं. मग ब्रिजवर त्या तारेचा सॅडल (तार टेकते तो तुकडा) मागे घेतला, कारण जाड तार बाराव्या फ्रेटवर वर बोलत होती. नेकचा झोका थांबवायला रुंद चामड्याचा पट्टा, आतली बाजू खरखरीत.

हेडस्टॉकचं टोक दाराच्या चौकटीवर आपटलं. पहिल्याच दिवशी. टवका उडाला. बेसवाल्याला सांगणार नाही.

२६ जुलै

पूर्ण बँडबरोबर पहिला सराव. दोन तास. गेन नेहमीपेक्षा कमी ठेवला, ताण परत आल्यावर तेवढा लागेना. ठोके वेगवेगळे ऐकू येत होते. ड्रमर मध्येच थांबून म्हणाला, "आज माझा किक ड्रम आणि तू एकत्र पडताय." बेसवाल्याने टवका पाहिलाच.

३१ जुलै

एसजी परत करायला गेलो. नव्या तारा घालून, पुसून, दोन वर्षांचं भाडं म्हणून नटमध्ये ग्रॅफाइट भरून. मित्राने ती बाजूला ठेवली आणि आधी व्हीची केस उघडायला लावली. बराच वेळ नुसता बघत राहिला. मग उचलली, खुर्चीवर बसला, मांडीवर ठेवून एक पॉवर कॉर्ड वाजवली, आणि ती घसरत गुडघ्यापर्यंत गेली. दोन्ही हातांनी तिला कवटाळत माझ्याकडे बघितलं.

"पाय मध्ये घे," म्हटलं.